राखलेली ओळ

ज्वारीची ताटं उभी होती, पानं वाऱ्यावर सळसळत होती, पण शेंड्यावर कणसं नव्हती.

सुकुमार मगदूम त्या ओळीपुढं आला आणि त्याला वाटलं, आपण चुकीच्या ओळीत शिरलो. तो मागं फिरला, बांधापासून पुन्हा ओळी धरत आला. तीच ओळ. लाकडी खुंटी तीच, खुंटीवर ठोकलेला पत्र्याचा तुकडाही तोच. डाव्या अंगाला ज्वारीची कणसं डुलत होती, उजव्या अंगालाही डुलत होती. मधली एवढी एकच ओळ मुंडकी उडवल्यासारखी उभी होती. प्रत्येक ताटाचा शेंडा विळ्यानं सरळ कापलेला, आणि कापल्या जागी अजून ओल.

चोर असता तर त्यानं सगळं रान लुटलं असतं. पाखरं विळा घेऊन येत नाहीत. सुकुमारनं घाबऱ्याघुबऱ्या नजरेनं इकडंतिकडं पाहिलं. बांधावर एक धोंडा होता आणि धोंड्याखाली खाकी कागदाच्या पिशव्यांची चळत. एकेक पिशवी हातानं सारखी करून, घडी घालून ठेवलेली. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडा.

त्यानंच कणसांवर चढवलेल्या त्या पिशव्या होत्या. एवढ्या मायेनं घड्या घालणारं माणूस परकं नव्हतं. हे काम रानमालकाच्या घरातल्याच कुणाचं तरी होतं.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं वारा आला. त्याला गोवऱ्यांच्या धुराचा आणि भाजल्या ज्वारीचा वास होता. पाठोपाठ पाहुण्या हेलनबाईंचं मोठं, मोकळं हसू ऐकू आलं.

सुकुमार पळत सुटला.

त्या ओळीत काय होतं, ते आधी सांगायला हवं. ज्वारीवर काम करणारे पाच देशांतले शास्त्रज्ञ चार वर्षांमागं एकत्र आले होते. दुष्काळी मुलखात तग धरील आणि खोडमाशीला दाद देणार नाही, अशी ज्वारी त्यांना हवी होती. खोडमाशी म्हणजे घरमाशीहूनही लहान माशी. तिची अळी कोवळ्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधला कोंब, आतून कुरतडते आणि रोप उभ्याउभ्या मरतं. त्या लोकांनी इथिओपियातल्या एका डोंगरी गावची ज्वारी घेतली, आपल्याकडची मालदांडी घेतली आणि दोघींचा संकर केला. पुढच्या पिढ्यांतून निवडत निवडत शेवटी मूठभर बी हाताशी आलं. मूठ ती केवढी! तरी ती पाच ठिकाणी वाटली, एका जागी बुडालं तर दुसरीकडं राहील म्हणून.

आणि बुडालंच. अमेरिकेतल्या उन्हाळ्यात दिवस लांबलचक; आखूड दिवसांत फुलणारी ही ताटं तिथं माणसाच्या दीडपट वाढली, पण त्यांना कणसंच आली नाहीत. सुदानमध्ये पाखरांच्या थव्यानं एका सकाळीत शेत साफ केलं. नायजेरियात अवेळी पावसानं दाणा कुजला. इथिओपियात लढाई पेटली आणि बियांचं पाकीट कुठं गेलं त्याचा पत्ता लागला नाही. उरली ती जत तालुक्यातल्या माळेवाडीची, केरबा खरातच्या रानातली एक ओळ. बाकीच्या जातींचे निम्मेअधिक पोंगे माशीनं खाल्ले, पाऊसही फिरकला नाही, तरी ही ओळ तरारून वर आली. म्हणून तर १९७९ च्या जानेवारीत ही मंडळी एवढ्या लांबून तिला बघायला आली होती. दाणा पिकला की याच ओळीचं बी पुन्हा पाची देशांत जाणार होतं.

शेजारच्या ताटांचा पराग उडून या कणसांवर बसला असता तर जात बिघडली असती. म्हणून फुलोऱ्याच्या आधीच, पेरणीपासून ही ओळ सांभाळणाऱ्या सुकुमारनं एकेका कणसावर कागदाची पिशवी चढवली होती. पुढं पाखरांपासूनही राखण व्हावी म्हणून त्यानं त्या पिशव्या तशाच राहू दिल्या होत्या.

तो वस्तीवर पोचला तेव्हा कडुलिंबाच्या सावलीत घोंगड्या अंथरल्या होत्या आणि मधल्या खड्ड्यात निखारे फुलले होते. केरबाची म्हातारी आई साळूबाई पोत्यावर बसून निखाऱ्यांत कणसं खुपसत होती. तिची सून बनुबाई भाजलेलं कणीस गरमागरम हातावर चोळी, सुपात पाखडी आणि हिरवेगार वाफाळते दाणे पानावर वाढी. पानावर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, वाटीत दही. केरबा पाण्याचा तांब्या घेऊन पाहुण्यांच्या मागंपुढं करत होता.

"मगदूम! अरे, होतास कुठं?" घोरपडे साहेब तोंडात घास असतानाच म्हणाले. डॉ. मानसिंगराव घोरपडे म्हणजे सुकुमारचे वरिष्ठ. आपल्या देशातलं या प्रकल्पाचं सगळं काम त्यांच्याकडं. "बैस. असा हुरडा मी जन्मात खाल्ला नाही. काय गोडी आहे!"

त्यांच्या शेजारी अमेरिकेच्या हेलनबाई गुळाबरोबर दाणे खात होत्या. पलीकडं डॉ. तस्फाये मांडी घालून बसले होते, उंच, सावळे, बोलायला कमी. संकरातली ती डोंगरी ज्वारी त्यांच्याच मुलखातली. त्यांच्या ओंजळीत दाणे होते आणि ते एकेक दाणा दाताखाली धरून, डोळे मिटून चव घेत होते.

सुकुमार निखाऱ्यांपाशी गेला.

"आज्जी," तो कसाबसा म्हणाला, "ही कणसं कुठली?"

"कुठली म्हंजे? राखलेली की!" साळूबाईनं मान वर केली. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा नुसता फुलला होता. "आमास्नी काय कळत न्हाई वाटलं व्हय तुला? तू टोप्या घातल्यास तवाच म्या वळखलं. माझ्या म्हायेरी, म्हसवडाकडं, असंच असतंय बग. मोठा पावणा यायचा आसला की रानातली चांगली कणसं हेरायची, फडक्यानं बांधायची, आन् त्यो आल्याबिगर सोडायची न्हाईत. तुमच्यात कागूद बांधत्यात, आमच्यात फडकं. येवडाच फरक!"

 सुकुमार सांगलीजवळच्या नदीकाठचा. उसात वाढलेला. ही रीत त्यानं ऐकलेलीसुद्धा नव्हती.

"सांग की त्यास्नी!" म्हातारी म्हणाली. "नातवंडं लय रडली, म्हनली आज्जी, एक कनीस दे. म्या दिलं न्हाई. गोफण घिऊन रोज बांधावर बसले. सांग, ह्ये तुमच्यासाठनं राखलंया म्हनावं."

"काय म्हणतायत त्या?" हेलनबाईंनी इंग्रजीत विचारलं.

सगळे सुकुमारकडं बघू लागले.  त्यानं तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते असं: "त्या म्हणतात, ही कणसं त्यांनी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. घरच्या मुलांनाही दिली नाहीत."

खोटं त्यात काहीच नव्हतं. हेलनबाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉ. तस्फाये यांनी छातीवर हात ठेवून म्हातारीपुढं मान लववली. घोरपडे साहेब कौतुकानं म्हणाले, "बघा, ही आमची माणसं."

म्हातारीनं आणखी दोन कणसं निखाऱ्यात खुपसली. दाणे चटचट वाजले.

सुकुमारची नजर आता एका टोपलीवर खिळली. साळूबाईच्या मांडीशी वेताची बुट्टी, आणि तिच्या तळाला उरलेली थोडी हिरवी कणसं. जगात त्या जातीचं न भाजलेलं बी आता तेवढंच होतं. बोलायला हवं होतं. पण बोलायचं काय? साहेबांना सांगायचं, तुम्ही चार वर्षांचं काम चटणीबरोबर खाताय? त्या परमुलखातल्या माणसाला सांगायचं, ज्यासाठी आलात ते तुमच्या ओंजळीत आहे? आणि म्हातारीला? तिचा हा फुललेला चेहरा सगळ्या पाहुण्यांदेखत उतरवायचा? शिवाय आपली नोकरी. राखणीची जबाबदारी आपली होती.

 बनुबाईनं त्याच्याही पुढं पान ठेवलं. "खावा की सायेब. निवल्यावर चव न्हाई ऱ्हात."

"हं, ह्यो शेवटचा घाना," म्हणत साळूबाईनं बुट्टीत हात घातला आणि उरलेली कणसं एकदमच उचलली.

सुकुमारनं झडप घातली. त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, कणसं हिसकावली आणि छातीशी आवळली. एक कणीस निसटून निखाऱ्यात पडलं. त्यानं तसाच हात घालून ते बाहेर ओढलं, पण तेवढ्यात त्याची एक बाजू काळी पडली होती. हाताची कातडी चरचरली, तरी त्याला ते कळलंच नाही. म्हातारी तोल जाऊन पोत्यावर कलंडली होती.

हेलनबाई दचकून मागं सरकल्या.

"सायेब!" केरबाच्या हातातला तांब्या खाली पडला. "आवं, म्हातारी हाय ती! आईच्या वयाच्या बाईला धक्का मारता? माझ्याच दारात?"

"मगदूम, शुद्धीवर आहेस का?" घोरपडे साहेब उठून उभे राहिले.

सुकुमार मात्र साळूबाईकडंच बघत होता. त्याला रडू येत होतं. "आज्जी," तो म्हणाला, "हे बेणं आहे."

"काय?"

"बेणं, आज्जी. पेरायचं बेणं. टोप्या त्यासाठी होत्या. एवढंच होतं. दुसरं कुठं नाही. कुठंच नाही."

साळूबाई हातावर रेटून उठून बसली. तिला राग आला नव्हता. तिला काही कळतच नव्हतं. "येड्या, हिरव्यात बेनं कोन धरतं रं?" ती म्हणाली. "बेन्याचं कनीस खळ्यावर धरायचं. पीक वाळल्यावर. उब्या रानात, दुधात असताना कोन..." बोलता बोलता ती थांबली. ज्या रानाची तिनं गोफण घेऊन राखण केली होती, त्या रानाकडं तिची नजर गेली. मग पाहुण्यांच्या पानांकडं. मग स्वतःच्या हातांकडं. 

"बेनं?" ती पुटपुटली. "म्या पावण्यास्नी बेनं खाऊ घातलं?"

"आई, गप ऱ्हा," केरबा जवळ आला.

"भात्तर साली..." म्हातारी बोलू लागली. "भात्तरच्या दुष्काळात घरात बेन्याचं गाडगं हुतं रं. धाकटी नात भुकंनं रडायची. सरकारनं दिल्याली तांबडी मिलो ज्वारी आमी खाल्ली, झाडपाला शिजवून खाल्ला, पर गाडग्याचं त्वांड म्या उघडू दिलं न्हाई. आन् आज... पोटं भरल्याली आसताना..." तिनं पदर तोंडात कोंबला.

आता पाहुण्यांना सांगणं भाग होतं. सुकुमारनं इंग्रजीत सांगितलं. मोडकंतोडकं, पण सगळं सांगितलं. फडकं बांधायची रीतही सांगितली. त्याचं बोलणं संपेपर्यंत हेलनबाई हसऱ्या चेहऱ्यानंच ऐकत होत्या, ही काहीतरी गंमत आहे अशा समजुतीनं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच गोठलं. त्यांनी हळूच हातातले दाणे पानावर ठेवले आणि हात जणू आपला नाही असा अंगापासून लांब धरला. "सगळी ओळ?" त्यांनी विचारलं. सुकुमारनं होकाराची मान हलवली. "ओ गॉड," त्या म्हणाल्या.

घोरपडे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते ओरडतील असं सुकुमारला वाटलं होतं. ते अगदी हलक्या आवाजात बोलले आणि तेच जास्त लागलं. "तू इथं पेरणीपासून आहेस. हे कशासाठी आहे, ते या घराला एकदा तरी समजावून सांगितलंस?"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, सर."

"ते हुकूम झाला. समजावलं होतंस का?"

"नाही, सर," सुकुमार म्हणाला. केरबाला त्यानं पहिल्याच दिवशी तंबी दिली होती; घरानं ती पाहुण्यांसाठीची राखण समजली. त्यानंतर पाण्याचं बोलणं झालं, माशीचं झालं, मजुरांचं झालं. पण पाच देशांची गोष्ट या म्हातारीला सांगावी, असं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तिला ती सहज कळली असती. बेणं म्हणजे काय, हे तिला त्या घोंगडीवर बसलेल्या कुणाहीइतकंच कळत होतं.

 डॉ. तस्फाये ओंजळीतल्या दाण्यांकडं टक लावून बघत बसले होते. मग ते सावकाश म्हणाले, "ही ज्वारी माझ्या आईच्या गावची. आमच्याकडं दुष्काळ पडला तेव्हा गावानं बियाणंसुद्धा खाल्लं. त्यांना दोष कसा देणार? लेकरं मरत होती. मी राजधानीतून पोचलो तोवर गावात एक दाणा शिल्लक नव्हता. थोडं बी आधी बाहेरच्या देशात गेलं होतं, म्हणून ही जात वाचली." त्यांनी सुकुमारकडं पाहिलं. "त्या लोकांनी उपाशीपोटी खाल्लं. मी न्याहारी करून येऊन खाल्लं."

सुकुमारनं याचं मराठी करावं की करू नये? म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं केलं. सगळं केलं, शेवटचं वाक्यसुद्धा. ते ऐकून साळूबाईनं कपाळ जमिनीला टेकलं आणि तिथंच पडून राहिली.

डॉ. तस्फाये उठले आणि तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. ओंजळीत उरलेले दाणे त्यांनी तिला दाखवले. भाजलेला दाणा उगवत नाही, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी ते दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावून खाल्ले. एकही टाकला नाही. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग त्यांनी सुकुमारपुढं हात पसरला. "ती कणसं दे."

सुकुमारनं छातीशी घट्ट धरलेली कणसं सोडवून घ्यावी लागली. होती चार. पाचवं ते अर्धं जळालेलं. डॉ. तस्फाये यांनी एक दाणा काढून नखानं दाबला. दूध उडालं नाही. आतलं पीठ मऊ, ओलसर, पण धरून होतं. त्यांनी तो हेलनबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनीही दाबून पाहिला.

"कोवळं आहे," त्या म्हणाल्या. "पण अंकुर धरलेला असेल. काही दाणे उगवतीलही. फार नाही."

"सावलीत, कणसावरच वाळवायचं," डॉ. तस्फाये म्हणाले. "उन्हात नाही. घाई केली तर तेवढंही जाईल."

"आणि नाही उगवलं तर?" घोरपडे साहेबांनी विचारलं. डॉ. तस्फाये यांनी कणसं सुकुमारच्या हातात परत दिली.

त्या दिवशी ओळ पाहायला कुणी गेलं नाही. जीप निघाली तेव्हा ती चार कणसं सुकुमारच्या मांडीवर, त्याच्या धुतल्या धोतराच्या घडीत होती. अर्धं जळालेलंही होतं. त्याची एक बाजू हिरवी होती ना! केरबा दारात उभा राहिला, पण पोचवायला आला नाही. म्हातारी तर बाहेर दिसलीच नाही.

पुढचे दिवस सुकुमारनं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. संशोधन केंद्राच्या कोठीत कणसं सुतळीनं टांगली होती. तो दर थोड्या वेळानं जाऊन बघे. दाणे आकसले, सुरकुतले, तिळाएवढे झाले. घोरपडे साहेब रोज दारातून डोकावत आणि परत जात. दाणे पुरते वाळल्यावर त्यानं ते कुंड्यांत टोकून पेरले, एका दाण्याला एक बोट जागा. त्यानंतर काहीच झालं नाही. कुंड्यांतली माती तशीच राहिली, आणि एका संध्याकाळी साहेबांनी बी उगवलं नसल्याचं पाहुण्यांना कळवायच्या तारेचा मजकूरही त्याला तोंडी सांगून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेलेला सुकुमार तांब्या हातात धरून कुंड्यांपुढं उभाच राहिला. मातीला भेग पडली होती आणि भेगेतून सुईएवढी हिरवी टोकं वर आली होती.

आणखी काही दिवस वाट बघून तो एस.टी.नं माळेवाडीला गेला. केरबा मेंढरांमागं गेला होता. बनुबाई त्याला बघून घरात शिरली. साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. महिन्याभरात ती निम्मी झाली होती.

"अन्न ग्वाड लागत न्हाई त्यास्नी," बनुबाई दारातून म्हणाली. "ज्वारीची भाकरी म्होरं आनली की त्वांड फिरिवत्यात."

सुकुमार म्हातारीपुढं उकिडवा बसला. आधी त्यानं तिला ते सांगितलं, जे पेरणीच्या दिवशीच सांगायला हवं होतं: इथिओपियातलं डोंगरी गाव, मालदांडी, पाच देशांत वाटलेली मूठ, माशी, पाखरं, लढाई. लहान मुलाला सांगावं तसं नव्हे, शेत केलेल्या माणसाला सांगावं तसं. ती डोळे न हलवता ऐकत राहिली. त्याचं संपलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "उगवलं?"

"उगवलं, आज्जी."

"किती?"

"अकरा रोपं."

 "येवड्या ओळीतनं अकरा," ती म्हणाली.  "मूठ आमी खाल्ली, आन् अकरा."

"अकरा पुरतील, आज्जी. एका कणसाला हजारावर दाणे धरतात. यंदा नाही, पण दोन-तीन वर्षांत पुन्हा पाच देशांना जाईल."

तिनं मान हलवली. पटलं की नाही ते कळेना. मग ती म्हणाली, "त्या लांबच्या पावण्याला कळवलंस?"

"तार केली. त्यांचं उत्तरही आलं. तुमची तब्येत विचारलीय."

"माजी?" साळूबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं.  "म्या त्याच्या आईच्या गावचं बेनं भाजलं, आन् त्यो माजी तब्येत इचारतोय?"

  आत बनुबाईच्या बांगड्या वाजल्या. भाकरी थापायचा आवाज आला.

"त्याला म्हनावं, परत ये," म्हातारी म्हणाली. "लाजू नको म्हनावं, मी बी लाजनार न्हाई. पर ज्वारी घालनार न्हाई मी त्याला. गव्हाची पोळी घालीन. आन् गहू बी दुकानातला आनीन, रानातला न्हाई."

आणि बनुबाईनं आतून आणून पुढं ठेवलेल्या ताटातली ज्वारीची भाकरी म्हातारीनं मोडली.